हिरवे कोणाचे?

ही गोष्ट लिहायला ताईने एका अटीवर परवानगी दिली. पदरचं तिखट-मीठ लावायचं नाही. म्हणून जे घडलं तेवढंच लिहितेय. ताई माझी मावसबहीण, आणि ज्या घरात हे घडलं त्या घराच्या फरशीवर मी लहानपणी लोळलेय. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मलाही वाटलं असतं तर बरं झालं असतं.

मावशी जाऊन महिना उलटला होता.

शनिवारची भर दुपार. तिसरा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. घर विकायचं ठरलं होतं, सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. म्हणून ताई आणि दादा, दोघं भावंडं, सामान वाटून घ्यायला बसली होती.

मावशी मोठी नेटकी बाई. मृत्युपत्र करून ठेवलेलं. घर दोघांत अर्धं-अर्धं. बँकेत वारसाचं नाव लावलेलं. गॅसचं कार्ड कुठे आहे तेसुद्धा सांगून ठेवलेलं. वकील म्हणाले, "असे पक्षकार मिळत नाहीत हो आजकाल."

फक्त एक गोष्ट तिने कुठेच लिहिली नव्हती.

छोटूचं काय?

छोटू म्हणजे त्या घरातलं शेंडेफळ. नावाला छोटू. उंचीने दादालाही वरचढ, दाढी येते, पण मन चार वर्षांच्या लेकराचं. त्याची बोटं जुळत नाहीत. घास भरवावा लागतो, शर्टाची बटणं लावून द्यावी लागतात. मावशी म्हणायची, "देवाने याला माझ्या एक दिवस आधी न्यावं. मग मी सुखाने डोळे मिटेन."

छोटूसाठी तिने केलेली तजवीज ती एवढीच.

आणि ती फसली. मावशी एका पहाटे झोपेतच गेली. छोटू तिच्या शेजारी जागा होऊन, कुणी उठवायची वाट बघत पडून होता.

दादाची नोकरी फिरतीची; महिनाभर रजा काढून तो छोटूजवळ राहिला होता, आणि चार ठिकाणी फिरून त्याने अशांना सांभाळणारी एक संस्था शोधली होती. रविवारी सकाळी त्यांची गाडी येणार होती. ताईला ते सोसत नव्हतं. पण तिचं घर दीड खोलीचं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पदरात सात महिन्यांची लेक. "मी नेते त्याला" हे शब्द तिच्या गळ्यापर्यंत यायचे...

आणि तिथेच अडकायचे.

सामानावरून कुरबुर नको म्हणून दादाने रंगीत गोल स्टिकरांचं पाकीट आणलं होतं. निळा लावला की ते दादाचं. पिवळा ताईचा. लाल म्हणजे टेम्पोवाल्याला देऊन टाकायचं.

"आणि हिरवे कोणाचे?" ताईने विचारलं.

"आईचे. तिला हवं ते तीही घेईल," दादा म्हणाला.

दोघं हसली. हसता हसताच ताईला हुंदका आला. मग तिला सावरायला दादाच म्हणाला, "ते मोठं कपाट तू घे की गं."

"आणि आम्ही झोपायचं कुठे? कपाटात?"

"जावईबापूंना वरच्या खणात टाक. दार लावलं की घोरणंही ऐकू येणार नाही."

छोटू गॅलरीच्या दारात पाय पसरून बसला होता. आई गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता. "आई कुठे?" असं एकदाही विचारलं नव्हतं.

तेच ताईला खात होतं.

तेवढ्यात टेम्पोवाला आला. लाल खुणांची भांडी उचलायला स्वयंपाकघरात गेला आणि हातात एक थाळी घेऊन बाहेर आला.

"ही हिरवी खूण कशाची, ताई? न्यायची की ठेवायची?"

उंच काठाची थाळी. छोटूची.

"दादा, तू लावलास?"

"मी कशाला लावू?" दादाने खिसा चाचपला. पाकीट त्याच्या खिशातच होतं.

आणि तेव्हा... आतल्या खोलीतून आवाज आला.

चिर्र.

कागदावरून स्टिकर सुटतो तसा. अगदी बारीक.

मग टप... टप.

मावशी काहीही चिकटवलं की अंगठ्याने दोनदा दाबायची. तसा.

आत कुणीच नव्हतं.

दोघं आत गेली. छोटूच्या रेडिओवर हिरवा स्टिकर. त्याच्या पांघरुणावर हिरवा. चादरीखालच्या मेणकापडावर हिरवा, जे मावशी असेपर्यंत दुसऱ्या कुणी हलवलं नव्हतं. कपाटाला कुलूप होतं, किल्ली दादाच्या जुडग्यात. त्याने ते उघडलं...

छोटूच्या औषधांच्या डब्यावर हिरवा.

ताईने डबा हातात घेतला.

"दादा, हे सगळं छोटूचंच आहे."

"अगं, काहीतरीच. गोंद असतो, चिकटतात इकडेतिकडे."

"हिरवे आईचे, तूच म्हणालास. ती त्याचं सामान बांधतेय, दादा. ती त्याला न्यायला आलीये!"

ती धावतच गॅलरीच्या दाराशी गेली. छोटूची कॉलर उलटून बघितली. पाठ बघितली, तळवे बघितले, कानांमागे बघितलं. त्याला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला.

कुठेच काही नव्हतं.

पण त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं.

सकाळी कपडे घालताना ताईने ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं. त्याला उकडतं म्हणून. गळ्यापर्यंत बटण लावायची ती फक्त मावशी.

"छोटू... कोण आलं होतं रे?"

छोटू ताईच्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मग त्याने हसून हनुवटी वर केली. बटण लावून घेताना करायचा तशी.

खाली रस्त्यावर रोजची वर्दळ होती, पण ताई सांगते, त्या क्षणी तिला काहीच ऐकू येईना.

"आई, नको नेऊस त्याला," ती रिकाम्या खोलीकडे बघून म्हणाली. "मी पाया पडते तुझ्या."

टेम्पोवाला थाळी तिथेच ठेवून, पैशांचं न बोलता, निघून गेला. दादा मटकन जमिनीवर बसला आणि महिन्याभरात पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडला. "मी काय हौसेने पाठवतोय का गं त्याला? सांग ना तिला. हौसेने पाठवतोय का?"

संध्याकाळी ताईला घरी जाणं भाग होतं. लेक भुकेली असणार. दादा छोटूजवळ राहिला, त्याचा हात हातात धरून. ताई जिना उतरताना सारखी वळून बघत होती.

घरी पोचली. लेकीला पाजायला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मागून नवरा म्हणाला,

"अगं, पाठीवर काय चिकटवून आलीस?"

"काय?"

"हे बघ..."

दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, जिथे आपला हात पोचत नाही तिथे होता तो.

हिरवा.

ताई सांगते, ती किंचाळली नाही. तिला एकदम सगळं कळलं. आई छोटूला न्यायला आलीच नव्हती. त्याला जगायला काय काय लागतं, ते ती बाजूला काढत होती. थाळी. रेडिओ. मेणकापड. औषधं.

आणि ताई.

"मला विचारलं नाही गं तिने," ताई मला म्हणाली. "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. शप्पथ. पण रेडिओवर लावला तसाच माझ्यावर लावला." हे सांगताना ती इतकी रडली की मी तिच्या कुशीतून बाळ काढून घेतलं.

तिने त्याच संध्याकाळी दादाला फोन केला.

"छोटूनेच लावला असेल गं," दादा म्हणाला.

"दादा, त्याला बटण लावता येत नाही. कागदावरून स्टिकर सोडवेल तो?"

दादा हळूच म्हणाला, "गाडीवाल्यांना नको म्हणून कळवतो."

छोटू आता ताईकडे असतो. आला त्या दिवशी त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडंच राहिलं. पुढेही कुणी लावलं नाही. दुपारी त्याने पहिल्यांदा विचारलं, "आई?" आणि तिन्हीसांजेपर्यंत रडत होता. ताईने त्याला मांडीवर घेतलं. मांडीत मावत नव्हता, तरी घेतलं.

मध्यंतरी ती वकिलांकडे गेली होती, त्याची पालक म्हणून कागद करायला. वकिलांनी विचारलं, "आणि तुमच्या पश्चात याला कोण?"

ताई कागद तसेच टेबलावर ठेवून उठून आली.

तेव्हापासून एक पाहतेय मी. लेकीला अंघोळ घालायच्या आधी ताई तिला पालथी करते. पाठ बघते. मानेवरचं जावळ बाजूला करून बघते. मग दोन्ही तळवे.

परवा मी तिथेच होते. न राहवून म्हटलं, "ताई, काय बघतेस गं रोज?"

तिने लेकीला उराशी धरलं.

"आज तरी काही नाही," ती म्हणाली, आणि पाण्यात हात घालून ते फार गरम नाही ना ते बघू लागली.