उस्तादांचं अर्थिंग

गिऱ्हाइकाचं 'नाही' ऐकायची गयासला सवय होती, आणि त्या 'नाही'चं 'हो' करून घ्यायची त्याहून जास्त. शहागंजात त्याचं वायरमनचं छोटं दुकान होतं. औरंगाबादेत लोक ओट्याला संगमरवर बसवतील, दाराला नक्षी काढून घेतील, पण जमिनीत जाणाऱ्या तारेला, अर्थिंगला, पैसे म्हटलं की कपाळाला आठ्या. जी वस्तू पाव्हण्यांना दाखवता येत नाही तिच्यावर खर्च कशाला? गयास वाद घालत नसे. तो पिशवीतून आपला दिवा काढी. होल्डरात बल्ब आणि होल्डरला दोन वायरी, एवढंच. एक वायर फ्रिजच्या नाहीतर मोटरच्या अंगाला लावायची, दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला. बल्ब पेटला की मालकाचा चेहरा उतरे. ज्या लोखंडाला आपली पोरं हात लावतात त्यातून वीज खेळतेय, हे डोळ्यांनी दिसल्यावर घासाघीस आपोआप संपत असे.

याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही. आपण काम केलेल्या घरात विजेनं कुणी दगावलं नाही, हे तो चहाच्या टपरीवर न विचारता सांगे. हा ताठा, ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला त्या उस्ताद निजामुद्दीन यांच्याकडून आलेला. तारेचा जोड केला की दोन छोटे हिसके देऊन तो पक्का आहे का बघायचं, ही रीतही त्यांचीच. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती. खुलताबादला त्यांना माती दिली तेव्हा गयासनं खांदा दिला होता.

एका उन्हाळ्यात पदमपुऱ्यातून बोलावणं आलं. घर तात्यासाहेबांचं; मूळचे सिल्लोडचे, कापसाचे व्यापारी. पण निरोप धाडला होता त्यांच्या पत्नीनं, द्वारकाबाईंनी. मुलगी बाळंतपणाला यायची होती आणि न्हाणीघरातल्या नळाला अधूनमधून हाताला मुंग्या येत होत्या.

गयास घरात शिरला आणि वर बघतच राहिला. लाकडी पट्टीवर ओळीनं चाललेल्या वायरी, वळणावर पट्टी अशी जुळवलेली की मधून नखही जाऊ नये. हा हात त्यानं लगेच ओळखला. उस्तादांचं काम. त्याचा ऊर भरून आला, आणि ज्यांचं घर होतं त्यांना त्याची काही किंमत नाही म्हणून थोडा रागही आला.

पण काम आता म्हातारं झालं होतं. वायरींचं आवरण तडकलेलं. मागच्या अंगणात पाण्याची मोटर होती, तिचं झाकण काढलं तर आतली तार जळून थेट लोखंडाला टेकलेली. त्या मोटरचा लोखंडी पाइप सरळ न्हाणीघरात जात होता. गयासनं सांगितलं, वायरिंग बदला, नवं अर्थिंग करा, पोरीचा जीव आहे. तात्यासाहेब पान चघळत ऐकत होते. इतक्या वर्षांत या घरात कुणाला झटका बसला नाही, तुमची दुकानं चालावीत म्हणून आम्ही खर्च करायचा व्हय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

गयासनं शांतपणे दिवा काढला. सळई ठोकली, वायरी लावल्या.

बल्ब पेटला नाही.

त्यानं बल्ब बदलला, सळई दुसरीकडे ठोकली. काही नाही. तात्यासाहेब मोकळेपणानं हसले. गयासचे कान तापले. असं त्याचं हसं आजवर झालं नव्हतं. तेवढ्यात मोटरच्या बुडाशी बोल्टला आवळलेली एक जुनी तार त्याला दिसली. त्यानं ती सोडवली, आणि बल्ब झगझगीत पेटला. तार पुन्हा लावली, बल्ब विझला. म्हणजे मोटरमध्ये उतरलेली सगळी वीज ही तार जमिनीत नेत होती. इतकं चोख अर्थिंग त्याला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

"काय काम करून गेले आमचे उस्ताद," तो म्हणाला.

तात्यासाहेबांचं हसू गेलं. अर्थिंग झालंच नव्हतं, असं ते म्हणाले. खड्ड्यात तांब्याची प्लेट पुरायची, वर मीठ-कोळसा घालायचा, हा सगळा खर्च त्यांनी साफ नाकारला होता. "म्हातारा अडूनच बसला. म्हणला, पैसे नका देऊ, पण अर्थिंगबिगर घर मी सोडणार नाय. आठ दिवसांत म्हातारा वारल्याचं कानावर आलं. खड्डा तसाच बुजवला आम्ही."

तार भिंतीकडेनं सीताफळाच्या झाडाखाली जात होती. सगळं अंगण उन्हानं भेगाळलेलं, तेवढीच जागा ओली. शेजारी तांब्या पालथा घातलेला. रोज दुपारी आपणच पाणी ओततो, असं द्वारकाबाई म्हणाल्या. गयासनं मान डोलावली. अर्थिंगला ओल लागतेच, उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं. उस्तादांनी सांगितलं असेल.

"कुणी नाय सांगितलं, भाऊ. तहान लागती त्याला," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "ज्या दिवशी राहिलं, त्या दिवशी नळाला मुंग्या. भर पावसात बी. पावसाचं चालत नाय, हातानं घातलेलंच लागतं. आता माझे गुडघे गेले. लेकीच्या येळेला इसरलं तर काय करू?"

गयासनं मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला आणि खणायला बसला. माती भुसभुशीत होती, काढावी तेवढी निघत होती. मीठ नाही, कोळसा नाही, प्लेट नाही. तार सरळ खाली गेलेली. हात खांद्यापर्यंत आत गेला तरी तिचं टोक लागेना. खालून गार हवा येत होती.

दम खायला तो थांबला. तार मुठीतच होती. सवयीनं त्यानं तिला दोन छोटे हिसके दिले.

अंगणात पानही हलत नव्हतं.

मग खालून दोन हिसके आले. तसेच, तेवढेच.

तात्यासाहेबांनीही तार हललेली पाहिली. तोंडातलं पान त्यांनी तिथंच थुंकलं आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "सगळं नवं करा. काय लागंल ते घ्या."

गयासनं दुसऱ्या कोपऱ्यात नवा खड्डा घेतला. प्लेट, मीठ, कोळसा, सगळं पोटभर घातलं. नवी तार मोटरला जोडली, जुनी सोडली, फ्यूज परत बसवून दिवा लावून बघितला. बल्ब विझलेलाच राहिला. द्वारकाबाईंनी सीताफळाखाली शेवटचा तांब्या ओतला. गयासनं जुनी तार ओढली तशी ती अलगद वर आली. टोकाला तारेचीच एक कडी वळलेली होती, बोटाएवढी. इतकी वर्षं मातीत राहूनही ती आतून झिजून लखलखत होती.

भीती त्याला वाटली, पण त्याहून अभिमान मोठा होता. माणसानं शब्द दिला आणि मातीत गेल्यावरही पाळला. असा उस्ताद औरंगाबादेत दुसऱ्या कुणाला होता? त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. कडी कापून त्यानं उजव्या हाताच्या बोटात घातली. मापानं केल्यासारखी बसली. घरी जमिलानं, त्याच्या बायकोनं, साबण लावून काढायचा प्रयत्न केला, पण निघाली नाही. राहू दे, तो म्हणाला. शोभते.

पावसाळा संपता संपता वाळूजला एका कामगाराच्या नव्या घरी त्याला बोलावलं. दिवा पेटला, मालक तरी ऐकेना. हप्ते आहेत, अर्थिंगचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. दारात त्याची छोटी मुलगी ओल्या फरशीवर अनवाणी खेळत होती. गयासनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याची मान ताठ झाली.

"पैसे नका देऊ," तो म्हणाला. "पण अर्थिंगबिगर घर मी सोडणार नाय."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, हे शब्द कुणाचे ते. त्यानं हात खाली सोडला.

बोटातली कडी कुणीतरी जमिनीकडे हलकेच ओढली. दोनदा, जोड पक्का आहे का बघावं तशी.