उताऱ्याची टोपली

चिखल सगळीकडं होता. साखळीत होता, इंजिनाच्या कंगोऱ्यांत होता, जादा दिव्यांच्या काचांमागं होता, क्रॅशगार्डच्या वेल्डिंगमध्ये वाळून घट्ट बसला होता. फक्त हँडल आवळून धरणाऱ्या चार बोल्टांवर नव्हता.

फौजदार उज्वला बिरादारनं वाकून नखानं कोरून बघितलं. बोल्टांच्या डोक्यांत किल्ली घालायचे खड्डे असतात, तेसुद्धा लख्ख. ही गाडी क्रेननं मन्याडच्या गाळातून उपसलेली. नदी काय चार बोल्ट सोडून गाळ भरते?

गाडी ठाण्याच्या आवारात आल्यापासून उज्वला तिच्याकडं बघायचं टाळत होती. आज थांबली, कारण बाहेर पायरीवर जाहिदाबी बसली होती. परत. लातूरहून एसटीनं यायची, पायरीवर बसायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची.

तिचा एकुलता एक पोरगा जीशान फ्रीज-एसी दुरुस्त करायचा. लांब फिरायची हौस, म्हणून जुनी टुरिंगची मोटारसायकल घेतली आणि सहस्रकुंडाचा धबधबा बघायला लातूरहून निघाला. वाटेत मन्याडच्या जुन्या पुलावरून, भर दिवसा, गाडीसकट नदीत गेला. पुलाला कठडे नव्हते, पण रस्ता कोरडा होता, समोर कुणी नव्हतं, ब्रेकची खूण नव्हती. शेवटचा फोन दोस्ताला, बालाजीला. बालाजीनं रडत रडत जबाब दिला, "मॅडम, सोयरीक मोडल्यापासून तो खचला होता. फोनवर म्हणला, जगून काय करू."

मग उज्वलानं पंचनाम्यात लिहिलं, आत्महत्या असावी. असं लिहायला काय लागतं? पेन लागतं. लाज लागत नाही.

ती बाहेर आली. जाहिदाबी उठून उभी राहिली.

"मॅडम, आमच्यात असं मरणं लई मोठा गुनाह हाय. मयतीनंतरच्या फातिह्याला निम्मी गल्ली आली न्हाई. ज्यांच्या घरी मी रमजानभर पदार्थ धाडले, ते दार लावून घेत्यात. तुम्ही एकदाच सांगा, माझं लेकरू जीव द्यायला गेलं होतं का?"

"बसा, जाहिदाबी. मला गाडीचं सांगा. काय काय बसवलं होतं त्यानं?"

"अल्ला, काय न्हाई बसवलं! रोटी खाताना बी मोबाइलवर तेच. पेटी कोणती, दिवे कोणते. मी म्हणलं, बेटा, गाडीची शादी हाय का, एवढी नटवून राहिलास?" ती हसली आणि हसल्याबद्दल तिलाच लाज वाटली. "जायच्या आदल्या दिवशी हँडल केलं. म्हणला, अम्मी, आता पाठ दुखत न्हाई, हँडल जवळ आलं."

"जवळ आलं म्हणजे?"

जाहिदाबीनं मोबाइल पुढं केला. निघायच्या सकाळचा फोटो. गल्लीत गाडीवर ताठ बसलेला पोरगा, पाठीमागं पेटी. हँडलखाली मुठीएवढे दोन काळे ठोकळे. हँडल उंच करायला बसवतात ते. पोरं त्यांना रायझर म्हणतात.

उज्वला आवारात जाऊन परत बघून आली. गाडीला ठोकळे नव्हते. हँडल खाली बसलेलं होतं, कंपनीतून येतं तसं.

*

जुन्या पुलाखाली गौरम्मा शेळ्या राखत होती. सीमेकडच्या गावची, निम्मी कानडी.

"त्या दिवशी तू इथं होतीस?"

"रोज असतो, यव्वा. शेळ्या काय घरी चहा पितात?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोण इचारलं? तुम्ही गाडीत बसून आल्या, गाडीत बसून गेल्या."

उज्वलानं ते गिळलं. "काय बघितलंस?"

"पोरगा मधोमध थांबला होता. डोक्यावरच्या टोपातल्या टोपात एकटाच बोलत होता. मग गाडी वळवाय लागला. दोन्ही पाय भुईला, म्हातारा बैल फिरवावा तसं हळूहळू. हँडल पार कडेला गेलं, अन् गाडी एकदम बोंबलली. बोंबलली अन् उडी मारली."

"त्यानं मुद्दाम वेग दिला असेल."

गौरम्मानं तिच्याकडं खुळ्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. "पाय भुईला टेकवून कोण जीव देतं, मॅडम?"

*

नांदेडला जिलानीच्या आवारात जुन्या गाड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. जीशानला गाडी त्यानंच विकली होती. वर्दी बघून जिलानीनं आधी कानाला हात लावला.

"ठोकलेली गाडी विकलीस का?"

"एकदा पडलेली होती, मॅडम. मी त्याला सांगून विकली. खोटं बोलेन तर ह्या जागी तोंड काळं करा."

"आणि हे बाकीचं सामान?"

"ते लातूरला घेतलं, बालाजीच्या दुकानात. दोस्त त्याचा. मी म्हणलं, बेटा, आधी टायर बदल, ब्रेकचे पॅड बदल, मग नटव. आजकालची पोरं आधी दिवे लावत्यात, ब्रेक देवावर सोडत्यात. पण त्यानं ऐकलं. टायर नवे घातले. लई सरळ पोरगा." जिलानीनं जवळच्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला. "एकच हट्ट होता, हँडल उंच करायचं. मी म्हणलं, कर. पण ॲक्सिलेटरची केबल लांब टाक, न्हाईतर ठोकळ्यांना हात लावू नको."

"का?"

"जुनी केबल तोकडी पडती. ओढ बसती."

उज्वला परत निघाली. आता तिला एकच कळायचं राहिलं होतं. ठोकळे नदीत पडले नाहीत. पडले असते तर हँडलही सुटून आलं असतं. मग पोलिसांच्या कुंपणाआड उभ्या गाडीवरून ते काढले कुणी?

ठाण्यात तिनं हवालदार सिद्धरामला समोर घेतलं.

"गाडी आल्यापासून तिच्याजवळ कोण गेलं?"

"कुणी न्हाई, मॅडम. चिटपाखरू न्हाई."

"नीट आठव."

"आठवून सांगतो ना. कुणीच..." सिद्धरामची मान हळूहळू खाली गेली. "उतारा झाला होता की त्या दिवशी."

उज्वला खुर्चीत बसली. तो दिवस तिलाही आठवला.

बालाजी आला होता. हातात टोपली, वर लाल फडकं. आत नारळ, लिंबू, मिरच्या, बिब्बा. "मॅडम, जीव घेतलेली गाडी हाय. उतरवू द्या, न्हाईतर आणखी कुणाला खाईल." उज्वला निलंग्याची, एसटी ड्रायव्हरची पोर. लिंबाशिवाय बापानं कधी गाडीचं चाक हलवलं नव्हतं. तिनं मान डोलावली. टोपली तपासायला सिद्धरामनं हात लावला नाही, उताऱ्याच्या टोपलीला कोण हात लावतो? आणि उतारा होत असताना बघायचं नसतं, मागं वळायचं नसतं. मग काय, लाठ्याबंदुकांसकट अख्खं ठाणं भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं. तीसुद्धा. पदवी घेतलेली, परीक्षा देऊन खांद्यावर तारे लावलेली उज्वला बिरादार.

*

दुसऱ्या दिवशी बालाजीला बोलावलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. उज्वलानं त्याला गाडीजवळ उभं केलं. सिद्धराम मागं.

"जीशानला काय काय बसवून दिलंस?"

"क्रॅशगार्ड. मागची पेटी. जादा दिवे. हेल्मेटच्या टोपात फोनवर बोलायचं यंत्र."

"बस?"

"बस. हँडल कंपनीचंच हाय."

"हँडलचं मी विचारलं नव्हतं, बालाजी."

तिनं जाहिदाबीकडून घेतलेला फोटो दाखवला.

"हां, ते... ठोकळे बसवले होते. पण त्याला जमले न्हाईत. वाटेत काढले असतील त्यानं."

"कुठं? कोणत्या किल्लीनं?"

"मला काय म्हाईत, मॅडम."

"वाटेत काढले असते, तर गाडी ह्याच बोल्टांवर नदीत गेली असती. मग ह्यांच्या डोक्यांत गाळ का नाही? हात लावून बघ. बघ की! गाळ सगळीकडं आहे, इथं नाही. म्हणजे हे बोल्ट गाडी नदीतून निघाल्यावर आवळले. ह्या आवारात. आणि ह्या आवारात गाडीजवळ एकटा राहिलेला माणूस एकच. फडक्याखाली नारळ होता, नारळाखाली किल्ल्या होत्या. ठोकळे त्याच टोपलीतून बाहेर गेले. आम्ही भिंत बघत होतो."

बालाजीनं गाडीच्या सीटवर हात टेकवला, मग चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"आता पुलावरचं सांगते," उज्वला म्हणाली. "ठोकळे बसवले, पण केबल जुनीच ठेवली. तोकडी. सरळ जाताना काही कळत नाही. हँडल पूर्ण कडेला वळवलं की केबल ताणते आणि ॲक्सिलेटर आपोआप उघडतो. मग मनगट कितीही उलटं फिरवलं तरी इंजिन ऐकत नाही. जीशानला वाटेत कुठंतरी वळताना ते कळलं. पुलावर थांबून त्यानं तुला फोन केला. जगून काय करू, असं तो म्हणालाच नाही. काय म्हणाला?"

बालाजीचे ओठ हलले. आवाज उशिरा फुटला.

"म्हणला, बाला, हँडल वळवलं की गाडी ओरडून राहिली."

"आणि तू?"

"मी म्हणलं... फिरव गाडी. परत ये. दुकानात बघू."

सिद्धरामनं तोंड फिरवलं.

"म्हणून तो वळत होता," उज्वला म्हणाली. "दोन्ही पाय टेकवून, जपून, तुझ्या सांगण्यावरून. इंजिन किंचाळलं, घाबरून क्लच सुटला, आणि कठडा नव्हता. यंत्र टोपात होतं. फोन चालू होता. तू ऐकलंस."

"ऐकलं." बालाजी खाली बसला. "आधी गाडी. मग त्यानं माझं नाव घेतलं. मग पाणी. मॅडम, केबल पुण्याहून यायची होती. तो थांबायला तयार न्हाई. म्हणला, तात्पुरतं लाव, आल्यावर बदलू. मी लावलं. म्हणलं, वळताना जरा जपून. सगळेच असं लावून देत्यात. मला काय ठाऊक..."

"तोवर चूक होती. पुढचं काय होतं?"

"तो तर गेलाच होता. मला वाटलं, मेलेल्याला काय फरक पडतो."

"त्याची आई मेली नाही, बालाजी."

तो रडू लागला. उज्वलाला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. हात उठला नाही. खोटं ह्यानं सांगितलं होतं, पण सरकारी कागदावर ते तिच्या अक्षरात होतं. पुलाखाली शेळ्या राखणाऱ्या बाईला विचारायला गाडीतून उतरायचा कंटाळा तिनं केला होता. भिंतीकडं तोंडही तिनंच केलं होतं.

"सिद्धराम, ह्याला आत घे. हयगयीनं जीव घेतला आणि पुरावा नाहीसा केला. आणि नवा पंचनामा मी स्वतः लिहिणार."

*

लातूरची गल्ली अरुंद होती. उज्वला वर्दीतच गेली. जाहिदाबी दारात तांदूळ निवडत होती. उज्वलानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पूल, केबल, फोन, टोपली. आपलं लिहिणंही सांगितलं.

जाहिदाबीनं सूप बाजूला ठेवलं. बालाजीचं नाव ऐकून ती फक्त एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं जेवायचा तो."

"मला माफ करा, जाहिदाबी."

"मला कशाला सांगायला आल्या, मॅडम? मला ठाऊकच होतं." तिनं बोट बाहेर दाखवलं. "त्यांना न्हाई. त्यांना सांगा."

समोर कट्ट्यावर माणसं बसली होती. पडद्यांआड बाया होत्या. उज्वला गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"जीशाननं जीव दिला नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "तो परत यायला गाडी वळवत होता. गाडीत दोष होता, दोष ठेवणारा कोठडीत आहे. आत्महत्या हा शब्द माझा होता. मी न विचारता लिहिला, तुम्ही न विचारता मानला."

शेवटी एक म्हातारा कट्ट्यावरून उतरला, चपला घातल्या आणि जाहिदाबीच्या दाराकडं चालू लागला. त्याच्यामागं दुसरा. मग डोक्यावरचा पदर सावरत दोघीतिघी.

जाहिदाबीनं त्यांना येताना बघितलं. उठली, आत गेली आणि दार पुढं लोटलं. कडी लावली नाही. पण उघडंही ठेवलं नाही.

माणसं दाराबाहेर थांबली. उज्वलाही त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.