खोडलेल्या शब्दाखाली

बाबांचा संगणक सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत. तेवढ्यात तिचा चहा निवून जाई आणि तो प्यायची इच्छाही. आज चौथा दिवस. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम पुन्हा नऊ टक्क्यांवर येऊन बसला होता, आणि आतला पंखा जिना चढून आलेल्या माणसासारखा घरघरत होता.

"शेवटच्या महिन्यात दोन दिवस बसून तुला पत्र लिहीत होते," आईनं सांगितलं होतं. "मग म्हणाले, पुसून टाकलं. जास्तच बोललो."

बाबा मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं छापायला निघालेल्या मजकुरातल्या चुका काढल्या. सवय घरीही सुटली नाही. तिची पत्रंसुद्धा ते खुणा करून परत पाठवत. "माझी पत्रं वाचायची असतात, तपासायची नसतात," असं तिनं एकदा सुनावलं आणि त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. वर्ष सरायच्या आत बाबा गेले. आता ते पत्र तिला हवं होतं. त्यात नुसती बोलणी असली तरी हवं होतं.

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"डिस्कवर सगळं विखुरलंय, ताई. डीफ्रॅग करा. एकेका फाइलचे तुकडे एका जागी आले की पळायला लागेल."

"मग पुसलेलं सापडेल?"

"छे हो! पुसलेलं रिकाम्या जागेत पडून असतं. तुकडे हलले की त्या जागेवर दुसरंच काही येऊन बसणार."

"आणि नाही केलं तर?"

"तर तुमचा शोध या जन्मी संपत नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं फोन आदळला.

शेजारच्या टेबलाशी धाकटा भाऊ घरातल्या माणसांच्या नोंदीचा फॉर्म दुरुस्त करत होता. पहिलं, बाबांचं नाव त्यानं पेनानं सरळ रेघ ओढून खोडलं आणि टोपण लावलं.

"ताई, बाबांनी स्वतःच पुसलंय ना? मग दाब ते डीफ्रॅगचं बटण. आईला उद्या या संगणकावरून डॉक्टरांशी बोलायचंय. ते काय अकरा मिनिटं ताटकळणार आहेत?"

"तू गप्प बस रे."

"बाबांची लेक शोभतेस. एक स्वल्पविराम सोडवत नाही."

हे तिला लागलं. तिनं तिरीमिरीत डीफ्रॅगचा नकाशा उघडला. निळे चौकोन म्हणजे धड फाइली, लाल म्हणजे तुकडे, पांढरे म्हणजे रिकामी जागा. काल लाल चौकोन माळ तुटल्यासारखे पडदाभर सांडले होते. आज ते एका ओळीत होते.

"तू याला हात लावलास?"

"मी? तो सुरू होईपर्यंत माझे केस पिकतील."

काल रात्री तिनं स्वतः संगणकाची वायर काढून ठेवली होती. तिनं 'पुन्हा तपासा' दाबलं. पंखा थांबला. नकाशा नव्यानं भरत गेला.

लाल रेघ आता सलग होती. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

रेघेखाली सगळं निळं. आणि त्या निळ्यात, सारख्या अंतरावर, पाच पांढरे चौकोन.

चुकून खोडलेला शब्द परत हवा असला, की बाबा त्याच्याखाली शिसपेन्सिलीनं टिंबं देत. म्हणजे, खोडलेलं धरू नका, तसंच राहू द्या. शब्द केवढाही असो, टिंबं पाचच. शेवटचं इतकं दाबून, की कागदाच्या मागे उंचवटा यावा.

पाचवा चौकोन बाकीच्यांहून पांढरा होता.

तिनं 'रद्द' दाबलं.

"का गं?"

"शोध चालू राहू दे. वर्ष लागलं तरी चालेल. आई माझ्या फोनवरून बोलेल."

"बरं बाई." त्यानं फॉर्म पुढे सरकवला. "यावर तरी सही कर."

तिनं कागद उचलला.

मागून बोटाला काहीतरी टोचलं. बारीकसं.

तिनं कागद जवळ धरला. खोडलेल्या नावाखाली अंगठा हलकेच फिरवला. अंगठा शिशानं काळा झाला.

भाऊ अजून पेन पुढे करून उभा होता.