डावीकडची जागा

बॅगा भरून झाल्या ना? मग बसा. उद्या पहाटे आपली जीपनी गाडी मीच चालवणार आणि तुम्ही सगळे मागे घोरत पडणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. हसू नकोस, रुथ. जेमुएल माझ्या सख्ख्या बहिणीचा नातू. त्यानेच मला हे सांगितलं, सांगताना त्याचा घास हातातच राहिला होता.

दोन वर्षांपूर्वीचं आहे. उद्या आपण जातोय तेच नदीकाठचं विद्यापीठ. जूनमध्ये आपल्या चर्चची मुलं गेली, झाडाखाली टेबल मांडलं, तिथल्या पोरापोरींना आल्याची गरम पेज वाटली, गाणी म्हटली. जेमुएलकडे काम काय, तर येणाऱ्याचं नाव स्टिकरवर लिहून द्यायचं. प्रत्येक नावापुढे तो एक छोटा मासा काढायचा. पठ्ठ्याने दिवसभरात दोनशे मासे काढले असतील.

निघताना मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर एक मुलगी बसली होती. पायांत पिवळ्या चपला. तिने त्याचा हात धरला.

"कुया, दादा, माझ्यासाठी प्रार्थना करशील? आत्ता, इथेच?"

पोरगा लाजाळू. चारचौघांत प्रार्थना म्हणायची म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. घरी गेल्यावर नक्की करतो म्हणाला आणि जीपनीत चढला. घरी जेवला, झोपला, विसरला. आपण सगळेच विसरतो, खोटं कशाला बोलू?

नोव्हेंबरात वादळ आलं. नदी वसतिगृहात शिरली. तीन मुली गेल्या. त्यांतली एक पिवळ्या चपलांची, असं जेमुएलला तिथे गाळ उपसताना कळलं. दिवसभर तो नुसता घमेली उचलत राहिला.

गुरुवार, चौदा तारीख. संध्याकाळचे पावणेसात. तळमजल्यावरच्या खोलीतलं शेवटचं घमेलं बाहेर गेलं आणि वीज गेली. आपल्या चर्चच्या पास्तोरा लिगाया म्हणाल्या, असू दे, प्रार्थना करून निघू. नऊ जण गोल करून उभे राहिले. हातात हात, डोळे मिटलेले. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मोठ्याने बोलायचं नसेल तर शेजारच्याचा हात दाबायचा, पाळी पुढे जाते.

सुरुवात पास्तोरांनी केली. जेमुएल शेवटचा, म्हणजे त्याच्या डावीकडे पास्तोरा. उजवीकडून पाळी आली. त्याने नेहमीसारखा डावा हात दाबला. आता त्या आमेन म्हणतील आणि सुटलो.

डावीकडून हात परत दाबला गेला.

त्याला वाटलं, पास्तोरा आज सोडत नाहीत. पुन्हा दाबला. पुन्हा परत. आणखी जोरात. तेव्हा त्याला जाणवलं… तो हात ओला होता. गार. बोटांतून पाणी त्याच्या पावलावर ठिबकत होतं.

तेवढ्यात दाराकडून पास्तोरांचा आवाज आला.

"चालू द्या रे, मी बॅटरी शोधतेय."

दाराकडून…

डोळे उघडायची त्याची हिंमत झाली नाही. हात ओढला. सुटेना. ओरडायला गेला. आवाज नाही. फक्त तो दाब. वाढत चाललेला. बोटांची हाडं एकमेकांवर घासायला लागली.

आणि मग जन्मात पहिल्यांदा त्याने चारचौघांत मोठ्याने प्रार्थना म्हटली.

"देवा… ती पायरीवरची… पिवळ्या चपलांची… तिला जवळ घे. मी म्हटलं होतं करतो… केली नाही. मला तिचं नावपण माहीत नाही, देवा…"

कोणी आमेन म्हणेना.

पाणी ठिबकत राहिलं.

मग… हात सुटला.

पास्तोरा बॅटरी घेऊन आल्या. जेमुएलच्या डावीकडची जागा रिकामी. फरशीवर थोडं पाणी. त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर चार बोटांचे वळ. त्याने मूठ उघडली, तर तळहाताला एक स्टिकर चिकटलेलं होतं.

आर्लिन. पुढे छोटा मासा.

अक्षर त्याचंच, पोरांनो. जूनमध्ये त्यानेच लिहून दिलं होतं. तिच्या छातीवर ते लावलेलं होतं, याने वाचलंच नव्हतं.

त्याचा हात मनगटापर्यंत ओलाचिंब होता. स्टिकर कोरडं.