बिनटपाच्या गाडीतला चंद्र

भाद्रपदातली गणेश चतुर्थी. राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन नंदा आणि तिची आत्या उषाबाई रस्त्यावर आल्या, आणि जालन्याची एसटी माणसांनी ओसंडून त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. दिवस मावळतीला आलेला. सकाळच्या सरीनं काळी माती अजून ओली होती, आणि वाऱ्याला कपाशीच्या पानांचा हिरवा वास होता.

"चल, पुढं चालत राहू. मिळंल काहीतरी," आत्या म्हणाली.

गावाबाहेरच्या लिंबाखाली एक गाडी उभी होती. दोन दारांची, बुटकी, निळी हेराल्ड. डोक्यावर टप नाही, आणि पुढचं सगळं तोंड बॉनेटसकट उलटून जमिनीकडे झुकलेलं. दोन्ही दिवे मातीला टेकायला आलेले... मंदिराच्या दिशेनं!

"अगं बाई, गाडीनं तर दंडवत घातलाय!" नंदाच्या तोंडून निघून गेलं.

इंजिनामागून एक डोकं वर आलं. विस्कटलेले केस, गालावर ऑईलचा पट्टा. गडी चक्क पुढच्या चाकावर मांडी टेकून बसला होता.

"घालणारच की! कळस दिसला की हिला भक्ती चढते. अन् भक्ती चढली की पाणी उकळतं." तो हसला. "तुमच्याकडं पाणी हाय का थोडं?"

नंदानं आत्यासाठी आणलेला तांब्या पुढं केला. त्यानं तो घेतला, पण पाणी ओतलं नाही. नुसताच हातात धरून उभा राहिला.

"ओता ना."

"लगेच न्हाई. तापलेल्या डोक्यावर गार पाणी ओतलं की रुसते. जरा शांत होऊ द्यायचं, मंग आपणच घेते."

"हे गाडीबद्दल सांगताय का..."

"गाडीबद्दलच," तो घाईनं म्हणाला, आणि ऑईलच्या पट्ट्याखालून त्याचा गाल लाल झाला.

त्याचं नाव संपत. मूळचा कुंभार पिंपळगावचा, नवीन जालन्यात बँकेत कारकून. दर्शनालाच निघाला होता. पण आत्यानं "पोरा, जालन्याला सोडतो का?" म्हणताच त्यानं एकदा कळसाकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "चला मावशी. देव हितंच हाय. एसटी मात्र गेली."

गाडीला पाणी पाजून, तिचं तोंड मिटून, अरुंद रस्त्यावर त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी एका झटक्यात, गिरकी घेतल्यासारखी वळली. मागच्या सीटवर अर्ध्या जागेत जादा चाक आणि पान्यांची पिशवी. उरलेल्या जागेत आत्या बसली. म्हणजे नंदाला पुढं बसणं आलं.

"अन् टप कुठंय रे?" आत्या एकदम सावध झाली. "आज चवथ. चंद्र बघायचा न्हाई आज, आळ येतो माणसावर!"

"टप शिवायला टाकलाय मावशी. टेलर म्हणतो, गणपती उठल्यावर."

"देवा गणराया!" म्हणत आत्यानं पदर तोंडावरून ओढून घेतला, आणि गाडीच्या झोक्यानं पुढच्याच वळणावर तिचा डोळा लागला.

नंदानं नजर खाली धरली होती. ती वर्षभराची सारी चतुर्थीव्रतं धरणारी पोरगी. आजवर या चवथीचा चंद्र तिच्या दृष्टीस पडला नव्हता. पण खाली तरी काय पाहायचं? रस्ता इतका जवळ होता की हात सोडला तर बोटांना लागेल. एसटीच्या खिडकीतून तिनं हाच रस्ता शंभरदा पाहिला होता. तेव्हा तो धुळीतून मागं पळायचा. आज तो तिच्याशी बोलत होता. खडीचा आवाज, नाल्यावरचा गारवा, कुठल्याशा वस्तीतल्या चुलीचा धूर... सगळं येऊन गालाला लागत होतं. काटा चाळिशीच्या पुढं जात नव्हता, आणि तिला मात्र वाटत होतं, आपण उडतोय.

"बँकेतले लोक नवी स्कूटर घेतात," ती खाली बघतच म्हणाली. "तुम्ही ही... तुमच्यापेक्षा वडील दिसतेय."

"दोन वर्षांनी मोठी हाय. जुन्या मोटारसायकलीच्या पैशात मिळाली. लोक म्हंत्यात, येडाय."

"मग?"

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "नव्या गाडीत बसलं की माणूस पोचतो. बस, पोचतो. हिच्यात बसलं की रस्ता कळतो. चढ लागला की हिच्यासंगं मलाबी दम लागतो. उतार आला की दोघंबी हसतो. पैसेवाल्याला पळायची हौस असली तर तो लाखाची गाडी घेईल. माझी हौस हिच्यात भागते. अन् बिघडली की शिव्या देत मीच नीट करतो. हिचं काय दुखतंय ते मला आवाजावरून कळतं."

"आणि तुमचं काय दुखतंय ते तिला?"

"न्हाई. ते अजून कुणालाच कळलं न्हाई."

आवाजात असं काही होतं... की नंदानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

आणि त्याच्या खांद्यामागं, ढगांच्या फटीत, खोबऱ्याच्या कापासारखा कोवळा चंद्र होता.

"अगं बाई!"

"काय झालं?"

"दिसला..."

"कोण?"

"तो!"

"मी तर मघापासून हितंच हाय."

"अहो, चंद्र!"

संपतनंही वळून पाहिलं. मुद्दाम, नीट, डोळे भरून पाहिलं. "झालं. आता आळ दोघांवर. बराबर वाटून घेऊ."

"हसू नका! आत्या म्हणते, कुणाच्या तरी शिव्या खाल्ल्या तरच तो उतरतो."

"मंग काळजीच नको. बँकेत रोज खातो. उद्यापासून तुमच्या वाट्याच्याबी खाईन."

तिला हसू आवरेना. देवाच्या प्रसादाचा नारळ मांडीवर घट्ट धरून ती हसत राहिली, आणि जालन्याचे दिवे कधी जवळ आले ते तिला समजलंच नाही.

गल्लीच्या तोंडाशी शेजारची साळूबाई दारातच उभी होती. तिनं गाडी पाहिली, गाडीतून उतरणारी नंदा पाहिली, आणि पदरात तोंड लपवलेली आत्या मात्र तिला दिसली नाही. म्हणजे, दिसली असेलही...

नारळ गाडीतच राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन, आत्याला पत्ता विचारून, संपत बियाण्यांच्या कंपनीत हजर. नंदा तिथं बियाणं ओल्या कागदात गुंडाळून त्याची उगवण तपासायची.

"फोडला नाहीत?" तिनं विचारलं.

"प्रसाद हाय. ज्याचा त्यानं द्यायचा असतो. माझं तर दर्शनच राह्यलं."

तिनं तिथंच नारळ फोडून त्याच्या हातावर खोबरं ठेवलं. बोटांना बोटं लागली न लागली... कागदावरचे कोंब मोजता मोजता त्या दिवशी तिची मोजणी पुन्हा पुन्हा चुकली.

मग गाडीचा आवाज तिला ओळखू यायला लागला. स्टेशनाकडून ऑटो, फटफट्या, ट्रक, सगळे जायचे. पण त्यातून एक घोगरा, मधेच उचकी दिल्यासारखा आवाज आला की सांजवात लावणारा तिचा हात थबकायचा. 'देवा, माफ कर,' ती मनात म्हणायची, आणि पुन्हा कान तिकडेच.

एका संध्याकाळी तो आत्याला आणि तिला मंडळांचे देखावे दाखवायला घेऊन गेला. गल्लीत गाडी बंद पडली. आत्या शिव्या देत उतरली, आणि नंदानं ढकललीसुद्धा! पदर खोचून, हसत. गाडी धडधडून सुरू झाली तेव्हा तिला वाटलं, हे आपल्यालाही जमलं की. आपल्या हातांनीही हिच्यात जीव येतो.

पण साळूबाईची जीभ एसटीच्या आधी नंदाच्या गावी, धावड्याला पोचली.

पंधरवड्यानंतरच्या संकष्टीला नंदाचे वडील काकासाहेब जालन्यात आले. पाणीसुद्धा न घेता खाटेवर बसले. नंदाचा उपास होता. चंद्र उगवायला अजून अवकाश होता.

"बेबी, भोकरदनचे पाव्हणे दसऱ्याला तुला बघायला येणार हायेत. चांगलं घर हाय. पण त्यांच्या कानावर गेलंय, पोरगी बिनटपाच्या गाडीत कोण्या पोरासंगं फिरून राह्यली." त्यांचा आवाज रागीट नव्हता, थकलेला होता. "तू एकदा सांग, हे खोटं हाय. मंग मी बघतो कोण बोलतं ते."

"मी संगं होते की दादा!" आत्या म्हणाली.

"तुला नव्हतं इचारलं, उषे."

तेवढ्यात बाहेर तो आवाज आला. घोगरा, उचकीचा. पण आज गाडीवर काळा कोरा टप होता. संपत दारातूनच हात जोडत म्हणाला, "काका, मला समजलं तुम्ही आलात. म्हणून आलो. हे सगळं खोटं हाय. एसटी चुकल्ती, मी फक्त सोडलं. गाडी उद्या औरंगाबादचा एक जण नेतोय. गाडीच ऱ्हायली न्हाई, तर बोलणंबी ऱ्हाणार न्हाई."

बोलताना त्यानं एकदाही नंदाकडे पाहिलं नाही. पण गाडीच्या किल्लीभोवती त्याची मूठ अशी आवळली होती, की तिला वाटलं, आता ती किल्ली त्याच्या तळव्यात रुतणार.

काकासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "मंग झालं. ऐकलं ना बेबी? खोटं हाय."

खोलीत देवापुढची समई जळत होती. एक 'हो' म्हटलं की सगळं सुटत होतं. बापाची मान ताठ राहत होती. नंदानं समईकडे पाहिलं. आज उपासाचा दिवस. आज तर खोटं बोलायचंच नव्हतं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "चवथीच्या चंद्राचा आळ खोटा असतो."

"तेच तर म्हंतो मी."

"म्हणून... म्हणून हा आळ न्हाई. हा खरा हाय."

आत्याच्या हातातली पळी ताम्हणात वाजली. संपतनं पहिल्यांदाच मान वर केली.

काकासाहेबांनी एकदा पोरीकडे पाहिलं. मग वळून त्यालाच म्हणाले, "अन् तू? पोरीसाठी खोटं बोललास, समजलं. पण गाडी कायला इकतोस?"

"...गाडीपायी तिच्यावर बोट येत होतं, काका."

"जीव हाय का गाडीवर?"

"हाय."

"ज्याच्यावर जीव हाय ते बोट आलं म्हणून सोडतोस?"

संपतची किल्लीभोवतीची मूठ सैल झाली. बाहेर साळूबाईचं दार हळूच किलकिलं झालं. आत्या उठून ओसरीत गेली, मान वर करून पाहू लागली आणि वैतागली. "चंद्र उगवला असंल, पण हा लिंब आडवा! पोरगी सकाळपासून उपाशी हाय. दर्शन व्हायचं कसं?"

काकासाहेब खाटेवरून उठले. खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "टप निघतो का रे तुझा?"

"निघतो की!"

"मंग काढ."

टप मागं दुमडला. काकासाहेब पुढं बसले, गुडघे पोटाशी घेऊन, आणि कुरकुरले, "ही गाडी हाय का पाळणा?" मागं आत्या, मांडीवर पूजेचं ताट, आणि जादा चाकाला टेकून नंदा. साळूबाईच्या दारासमोर गाडीनं गिरकी घेतली, आणि आत्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "बघ गं साळू, आज मीबी हाय बरं का गाडीत!"

गाव मागं पडलं. वारा आला. काकासाहेबांचं उपरणं फडफडू लागलं. त्यांनी ते धरलं, मग सोडून दिलं. चढ आला तशी गाडी धापा टाकू लागली, आणि नकळत काकासाहेबांनीही पुढं झुकून जोर लावला.

चढावर संपतनं गाडी थांबवली. उघड्या माळावर, कोणाच्याही आड नसलेला, तांबूस चंद्र वर येत होता.

"पितरपाट चालू हाय," काकासाहेब चंद्राकडे पाहत, कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "या दिवसांत सोयरिकीचं बोलत न्हाईत. पितरपाट संपू दे. मंग तुझ्या वडलांना घेऊन ये धावड्याला. याच गाडीत."

नंदानं अर्घ्य द्यायला तांब्या उचलला. आज चंद्राकडे बघायचंच असतं. पण समोरच्या छोट्याशा आरशात दोन डोळे होते. ओले, हसरे, तिचीच वाट पाहणारे.

तिनं आधी तिथं पाहिलं. मग चंद्राकडे.