डाव्या पॅडलचा ठोकळा

"बाकी काय हवं ते बदल... पण डाव्या पॅडलला हात लावू नकोस. आणि सायकल शिवणवाल्या बाईंना दे. कबूल?"

"कबूल, अप्पा."

अप्पा म्हणजे आमचे वडील, आणि शब्द देणारा माझा थोरला भाऊ. पुढे जे घडलं ते देवापुढे बसून सांगावं तसं सांगते. पदरचं एक अक्षर नाही.

अप्पांचा डावा पाय आखूड. म्हणून त्यांनी डाव्या पॅडलवर लाकडी ठोकळा बोल्टने बसवला होता. पॅडल फिरलं की तो स्टँडला लागायचा.

टक्... टक्...

पोरं त्यांना 'टकटक' म्हणायची. शाळेत असताना दादा तो आवाज आला की दुसऱ्या गल्लीत वळायचा. अप्पांच्या ते लक्षात आलं होतं. पुढे पुढे दादासोबत मित्र दिसले, की ते कोपऱ्यावरच उतरून उभे राहायचे. आवाज होऊ नये म्हणून.

शिवणवाल्या बाईंचाही डावा पाय तसाच. कपड्यांचं गाठोडं सांभाळत त्या रोज लांबवर पायी जायच्या.

अप्पा गेले. दादाने मागच्या खोलीत सायकल उलटी केली. रॉकेलने चेन धुतली, गंज घासला, तारा ताणल्या, काळा रंग चढवला. सायकल अशी झळकली की त्याची नियतच फिरली.

"जुन्या सायकलींच्या प्रदर्शनात ठेवतो. बाईंचं नंतर बघू."

"आणि हा ठोकळा?" वहिनीने विचारलं.

"काढतो. लोक विचारत बसतील, हे काय म्हणून."

"मग सांगा की, माझ्या वडिलांचा पाय आखूड होता. जीभ झडणार आहे का?"

दादाने पाना घेतला, ठोकळा सोडवला आणि पाणी तापवायच्या चुलीत सारला. पेटेपर्यंत समोर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भर दुपारी वहिनी माहेरी गेलेली. दादा एकटाच जेवत होता. पुढचं त्यानेच मला सांगितलं.

मागच्या खोलीतून आवाज आला...

टक्.

उंदीर असेल.

टक्... टक्...

हातातला घास तसाच राहिला. तो आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता.

त्याने दार ढकललं. सायकल स्टँडवर होती. डावं पॅडल संथ फिरत होतं. रिकामं. स्टँडला लागायला लाकूडच नव्हतं...

तरी आवाज येत होता.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. सायकल बघायला दोन मित्र आले होते.

आणि मागचा आवाज...

थांबला.

एकदम. कुणीतरी कोपऱ्यावर उतरून उभं राहावं तसा.

"काय रे, भूत बघितलंस का?" एकजण हसला.

दादाची मान वर होईना. मेल्यावरसुद्धा अप्पा त्याची लाज राखत होते...

त्याने दोघांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. मागे आला.

पॅडल थांबलं होतं. त्यावर ठोकळा होता.

एका बाजूने काळा पडलेला. जळकट वास येत होता. दादाने बोट लावलं...

अजून गरम होता.

संध्याकाळी मी गेले, तेव्हा तो बोल्ट आवळत बसला होता. मी स्वतः चूल उकरून पाहिली. नुसती राख. जळलेलं लाकूड परत कसं येतं, मला आजही उमगलेलं नाही. त्या खोलीत जाताना अजून नाम घेतल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही.

"दादा, कुठे निघालास?"

"बाईंकडे."

"चालत? बसून जा की."

"माझी नाही ती."

सायकल हातात धरून तो गल्लीत उतरला. कोपऱ्यावर तेच दोघे मित्र उभे होते. त्याचं पाऊल क्षणभर अडलं.

हाताने ढकलताना पॅडल फिरत नाही. मी नीट बघत होते. फिरत नव्हतं...

टक्... टक्...

मित्रांनी वळून पाहिलं.

"कुणाची रे ही?"

"माझ्या वडिलांची," दादा म्हणाला, आणि गल्ली न बदलता सरळ चालत राहिला.