आवळ्याची शर्त

"श्श्!"

राजसने मला उद्देशून काढलेला पहिला शब्द हा. नमस्कार नाही, चमत्कार नाही... एकदम श्श्!

माघातली सकाळ होती. दिवसभर टावर चौकातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये लोकांचे गुडघे दाबायचे आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, म्हणून सकाळचा थोडा वेळ मी विष्णुसागर तलावाच्या काठी एका झाडाखाली नुसती बसते. बोलणं नाही, फोन नाही. आणि त्या दिवशी माझ्याच जागेवर हा कोण कुठला उपटसुंभ, मफलर गुंडाळून, ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प करत होता!

दचकून माझ्या हातातली स्कूटीची किल्ली दगडावर पडली. वरच्या फांदीवरून काहीतरी निळंशार उडालं आणि पाण्यापलीकडे गेलं. खंड्या.

"उडवलात ना!" तो म्हणाला.

"अहो, तो रोज माझ्यासमोर बसतो. आज तुम्हाला बघून घाबरला असेल. उठा, ही माझी जागा आहे."

"रजिस्ट्री दाखवा."

"हा आवळा एवढासा होता तेव्हापासून येतेय मी इथे!"

त्याने वर पाहिलं. पानगळ झालेली, फांद्या नुसत्या उघड्या. "आवळा? हा शिरीष आहे."

"आवळाच आहे. कार्तिकात फळ धरलं की तोंडात बोटं घालाल."

"आजवर कधी धरलंय?"

नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं मेल्याने. आजवर एकही आवळा मी त्याच्यावर पाहिला नव्हता. विनोदिनीआत्या म्हणाली आवळा, म्हणून आवळा. पण माघार घेईल ती ऋता कसली!

"लागली शर्त?" मी म्हटलं.

"लागली. हरेल त्याने जिंकणाऱ्याचं एक ऐकायचं. काहीही."

"आणि फोनवर फोटो काढून विचारायचं नाही. झाडालाच सांगू द्यायचं."

"म्हणजे कार्तिकापर्यंत इथे येत राहावं लागणार..." तो म्हणाला, आणि वाईट वाटल्यासारखा काही दिसला नाही.

मग तो येतच राहिला. बँकेतला अधिकारी, नाशिकहून नुकताच बदलून आलेला, नानाखेड्याला भाड्याने राहणारा. मी घरचे पोहे न्यायची. त्यावर शेव आणि जीरावन मसाला बघून त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "यात नारळ नाही?" मी म्हटलं, "भाई, उज्जैनमध्ये आहात, चुपचाप खा." नंतर तो बोटं चाटायला लागला ते वेगळं.

चैत्रात झाडाला बारीक पोपटी पालवी फुटली. मी जिंकल्यासारखी नाचले, तर साहेब म्हणाले, "शिरीषाचीही अशीच बारीक असते. बाभळीचीही. चिंचेचीही." इतक्या शांतपणे म्हणाले की माझं नाचणंच थांबलं. फांदीला खालून अगदी मोहरीएवढी फुलं लागली होती. आम्ही दोघं माना वर करकरून ती बघत बसलो. मान आखडली, म्हणून मी त्याची मान दोन बोटांनी दाबून सोडवून दिली. धंद्याची सवय हो, दुसरं काही नाही. पण त्या दिवशी क्लिनिकमध्ये मी एका काकांचा दुखरा गुडघा सोडून बरा गुडघा शेकला!

ज्येष्ठात पाणी पार आत गेलं, काठाला भेगा पडल्या. कोकीळसुद्धा भल्या पहाटेच ओरडून घ्यायची. एक दिवस बघते तर राजस घरून भरलेला कॅन खांद्यावर घेऊन घामाघूम, झाडाच्या बुंध्याशी पाणी ओततोय.

"हरायची एवढी घाई?" मी विचारलं.

"झाड आहे... तहान लागते त्याला." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं.

खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. पण प्रेमात माणूस बावळट होतो म्हणतात ते काही खोटं नाही.

श्रावणात सगळा काठ हिरवागार झाला आणि पायऱ्या शेवाळल्या. माझा पाय सटकला. त्याने हात धरला... आणि मग सोडायचं राहूनच गेलं. पानांवरून थेंब टपटप पडत होते. खंड्या समोरच बसला होता. आम्ही दोघंही हललो नाही. त्या दिवसापासून 'अहो' गेलं आणि 'तू' आलं, कुणीही न ठरवता.

आणि भाद्रपदात त्याने ते सांगितलं.

"इथे आल्याआल्याच मी परत नाशिकची बदली मागितली होती. करमत नव्हतं. आता... नंबर लागेल बहुतेक."

"अरे वा! आई खूश होतील," मी म्हटलं. इतकं छान हसून म्हटलं की मलाच माझा राग आला. घरी येऊन आत्याच्या कुशीत तोंड खुपसलं आणि मनसोक्त रडले. आत्याने पाठ थोपटली. मग म्हणाली, "रडून झालं असेल तर एक सांगते. दसऱ्याला त्याला घरी बोलाव. बघू तरी कोण आहे हा झाडवाला."

दसऱ्याला तो सोनं द्यायला आला, आत्याच्या पाया पडला, शिरा दोनदा मागून खाल्ला. आत्याने घरच्यांची चौकशी केली, तर त्याने फोनवर व्हिडिओ लावला. नाशिकच्या घराचं अंगण, दादा-वहिनींसोबत हसणारी आई आणि मागे...

"अगंबाई! केवढा लगडलाय आवळा!" आत्या म्हणाली. "तुमचाच का?"

"हो, माझ्या जन्माआधीपासूनचा. आई दरवर्षी मोरावळा..."

तो थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने शिऱ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

फाटकाशी मी त्याला गाठलंच. "शिरीष काय? अं? बाभूळ काय? अंगणात आवळा असणाऱ्या माणसाला आवळा ओळखू येत नाही? झूठा कहीं का!"

"पहिल्या दिवशी ओळखला होता गं," तो पुटपुटला. "पण तू इतकी तावातावाने भांडत होतीस... म्हटलं, 'हो, आवळाच आहे' म्हणालो तर दोन मिनिटांत विषय संपेल. आणि तू निघून जाशील."

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात तो म्हणाला, "ऑर्डर आली आहे, ऋता. नको असेल तर दिवाळीनंतरच्या सोमवारपर्यंत कळवायचं. तू नुसतं..."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आणि मी, जी दिवसभर टकळी चालवते, ती नुसती फाटकाची कडी सरकवत राहिले. त्याची आई, त्याचं घर, त्याचं अंगण. कुठल्या तोंडाने अडवू?

"त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आत्याच्या भजनी मंडळाचं आवळी भोजन आहे, आपल्या झाडाखाली," मी कसंबसं म्हटलं. "शर्तीचा निकाल तिथेच लावू."

कार्तिकातलं कोवळं ऊन. मंडळाच्या बायकांनी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, सतरंज्या पसरल्या, डबे उघडले. मी वर पाहायचं धाडस करत नव्हते. आत्यानेच ओरडून सांगितलं, "अगं, हे बघ, हे बघ!" पानांच्या आड, फांदीला घट्ट चिकटून, हिरवे तुकतुकीत आवळे. थोडेच होते. पण होते!

राजस माझ्या शेजारच्या पत्रावळीवर बसला. "हरलो," तो हळूच म्हणाला. "सांग. काय ऐकायचं?"

"मोरावळा घालायचाय मला. तो मुरेपर्यंत थांब."

"आणि मुरल्यावर?"

"मग... पुढच्या वर्षीचा घालू."

वरणभात कालवता कालवता बायका थांबल्या होत्या. आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, मोरावळा कसला घालतेस! सरळ बोल ना त्याच्याशी. बेचारा, उद्याच कागद पाठवायचाय त्याला!"

तेव्हा मात्र मी मान वर केली. "मला तू आवडतोस, राजस. खूप. तू गेलास तर मी या झाडाखाली परत बसू शकणार नाही. जाऊ नकोस."

त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी दाखवलं. नकाराचा मेल. दसऱ्याच्याच संध्याकाळी गेलेला.

"अरे! मग इतके दिवस माझा जीव टांगणीला का लावलास?"

"हरल्यावर काय ऐकायला मिळतं ते ऐकायचं होतं," तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे, आणि हसतही होता.

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. बायका इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या फांदीवरून खंड्या भुर्रकन पाण्यापलीकडे उडाला.

"उडवलास ना!" राजस म्हणाला.

"उडू दे," मी म्हटलं आणि त्याच्या पानात आणखी एक लाडू वाढला. "येईल उद्या. आपण आहोत इथेच."